पांढऱ्या अक्षरांचा रकाना

सोमवार, १२ जानेवारी २००९. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. शिरूर.

कॉम्प्युटरवरची धूळ ओल्या फडक्याने पुसत होतो, तेवढ्यात गनीमामा आले आणि ही डायरी टेबलावर ठेवून गेले. पेंडीच्या कंपनीने फुकट दिलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाला म्हशीचे लहान चित्र आहे. मामा म्हणाले, तुझं अक्षर चांगलं हाय, तूच वापर.

तर सुरुवातीला कोण काय ते लिहून ठेवतो. गनीमामा माझ्या आईचे चुलतभाऊ. ते हरियाणातून दुभत्या म्हशी ट्रकने आणतात आणि इकडच्या शेतकऱ्यांना विकतात. ऑफिस इथे शिरूरला, गोठा दौंडला. गोठ्याची जागा पोपटराव आप्पांची आहे. मामा आणि आप्पा यांची अठरा वर्षांची निम्मी-निम्मी भागी आहे आणि तिचा एकही कागद नाही. मी शाहनवाज. नववी नापास झाल्यावर पाबळला वर्षभर वेल्डिंग शिकलो, पण ठिणग्यांची भीती गेली नाही, म्हणून मामांनी मला लिहिण्याच्या कामाला ठेवले.

डिसेंबरात एकच म्हैस दोनदा विकली गेली. मामांनी शिरूरला विसार, म्हणजे सौद्याचे आगाऊ पैसे, घेतला, त्याच तासात आप्पांनी दौंडला घेतला. फोन लागत नव्हता. मामांना एका माणसाची हात जोडून माफी मागावी लागली. ते पाहिल्यापासून मला नीट झोप नव्हती.

यावर तोडगा आप्पांच्या मुलीने आणला. तेजश्री दौंडला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. इंटरनेटवर एक वही ठेवता येते म्हणते. एकच पान इथेही उघडते आणि तिथेही उघडते. तिने तिकडे लिहिले की मला इकडे दिसते. मामांना सांगितले तर ते म्हणाले, “माझा गल्ला हवेत टांगायला लागला व्हय रं?” पण नाही म्हणाले नाहीत. आज पान तयार करणार. साडेआठला लाइट जाते, त्याआधी.

बुधवार, १४ जानेवारी

रकाने केले: म्हशीचा नंबर, वेत (कितव्यांदा व्यायली ते), सकाळची धार, संध्याकाळची धार, विसार कोणाचा, शेरा.

एक रकाना राहिला होता आणि त्याच्यावरून मी दोन दिवस अडलो होतो. शेवटचा भाव. म्हणजे त्याच्या खाली म्हैस सोडायची नाही तो आकडा. तो मामांना आणि आप्पांना, दोघांनाच माहीत असतो. वहीत घातला तर दोन्ही ठिकाणी चालू राहतो, सारखा फोन नको. पण माझ्या खुर्चीमागे गिऱ्हाईक येऊन उभे राहते, त्याने वाचला तर?

आज उपाय सुचला. त्या रकान्यातली अक्षरे पांढरी केली. पांढऱ्यावर पांढरे, काही म्हणजे काही दिसत नाही. माउस धरून रकाना ओढला की तो निळा होतो आणि त्यात आकडे उमटतात. मी स्वतःच चार वेळा करून पाहिले. फार समाधान वाटले.

तेजश्रीला फोनवर शिकवले. ती म्हणाली, “भाऊ, एवढा रुंद रकाना रिकामा का, असं कुणी विचारलं तर?”

मी म्हणालो, शेऱ्यासाठी जागा सोडली आहे म्हणून सांग.

ती म्हणाली, शेऱ्याला तर आधीच एक रकाना आहे. मुलगी हुशार आहे, पण वाद घालते.

सोमवार, १९ जानेवारी

ट्रक आला. चौदा म्हशी, सगळ्या धड. मी शिरूरला बसून पान उघडे ठेवले होते. संध्याकाळी सहा वाजता नंबर एकच्या पुढे आपोआप आकडा उमटला: साडेपाच लिटर. मग दोनच्या पुढे सहा. तीस किलोमीटरच्याही पलीकडे तेजश्री गोठ्यातून येऊन लिहीत होती आणि माझ्यासमोर आकडे फुटत होते, जसे काही ओल्या वाफ्यात मेथी उगवते. मी मामांना हाक मारली. तेही खुर्ची ओढून बसले. नंबर सातला सात लिटर आले तेव्हा ते म्हणाले, “आता बोल.” कोणाला म्हणाले कळले नाही.

पासवर्ड ट्रकचा नंबर ठेवला आहे. मामांना आणि आप्पांना तो पाठ आहे.

गुरुवार, २२ जानेवारी

कोरेगाव भीमाच्या साखरबाईंचा फोन आला. त्यांच्या सहा म्हशी आहेत, कारखान्यांच्या कॅन्टीनला दूध घालतात. आणखी दोन हव्या आहेत. त्यांना विचारले, दौंडला कधी येता. त्या म्हणाल्या, “मी दोन टायमाची धार बघितल्याबिगर म्हस घेत न्हाई. माझ्या सासऱ्यानं घेतली न्हाई, मी न्हाई घ्यायची. आन् पहाटं दौंडला यायला मला काय पंख हायेत?”

दोन वेळची धार पाहणे हा गिऱ्हाइकाचा हक्कच आहे. तो कोणी नाकारत नाही. मला वाटले, धार तर वहीत रोज लिहिलेली आहे. त्यांच्या गावात इंटरनेटचे दुकान आहे. त्या दुकानदाराला वहीचा पत्ता दिला. मामांना विचारले, ते म्हणाले, धार दाखवायला काय हरकत हाय, धारंवरच म्हस विकती.

फक्त बघण्याची परवानगी दिली, लिहिण्याची नाही. दोनदा तपासले.

शनिवार, २४ जानेवारी

साखरबाईंचे दीर आले. त्यांच्यामागून कोरेगावचेच आणखी दोघे आले. साखरबाईंनी शेजारीपाजारी सांगितले म्हणे, की शिरूरवाल्यांच्या म्हशींची धार घरबसल्या दिसते. मामा खूश.

भाव नेहमीप्रमाणे रुमालाखाली झाला. मामांच्या खांद्यावर चौकटीचा मोठा रुमाल असतो. तो दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत बोटे धरायची. पंजा धरला की पाच. भोवती वीस माणसे उभी असली तरी कोणाला कळत नाही, आणि तोंडाने आकडा काढणे असभ्य मानतात. मला अजून रुमालाखाली हात घालू दिलेला नाही.

आज विचित्र झाले. एरवी हा कार्यक्रम पाव तास चालतो. आज साखरबाईंच्या दिरांनी दोन म्हशींसाठी हात घातला, दोन्ही वेळा एकदाच बोटे धरली आणि मान हलवली. मामा वर सरकवायला बघत होते, हे त्यांच्या खांद्यावरून कळत होते. दीर हलले नाहीत. शेवटी मामांनी रुमाल ओढून घेतला आणि सौदा झाला. मागच्या दोघांचेही तसेच.

संध्याकाळी मामांनी मला विचारले, चार, पाच, सात आणि नऊ नंबरचा शेवटचा भाव काय होता. मी निळे करून दाखवले. ते म्हणाले, “बरोब्बर त्योच धरला तिघांनी. एक रुपाया वर न्हाई.”

मंगळवार, २७ जानेवारी

आणखी तीन गेल्या. सगळ्या शेवटच्या भावाला.

पासवर्ड बदलला. तेजश्रीला कळवला तर ती हसली. म्हणाली, आधीचा तर ट्रकच्या मागेच रंगवलेला होता. हे माझ्या लक्षात कसे आले नाही? ड्रायव्हरवर संशय घेतला होता, पण तो रविवारीच हरियाणाला गेला. नवा पासवर्ड आईचे नाव आणि जन्मसाल. आईला जन्मसाल माहीत नाही, म्हणून अंदाजे घातले.

ऑफिसातली माझी खुर्ची भिंतीला टेकवली. आता मागे कोणी उभे राहू शकत नाही. चहावाला आला की पडदा बंद करतो.

गुरुवार, २९ जानेवारी

पासवर्ड तिसऱ्यांदा बदलला. तरी आज या ट्रकमधली विकायची आठवी आणि नववी म्हैस तशीच शेवटच्या भावाला गेली.

हे कसे होते आहे याचे मला भयापेक्षा कुतूहल जास्त वाटते, आणि याची लाज वाटते. मी एक प्रयोग केला. काल संध्याकाळी नंबर बाराचा शेवटचा भाव मुद्दाम एक हजाराने वाढवून लिहिला आणि मामांना सांगून ठेवले. आज दुपारी कोरेगावचा माणूस आला. त्याने वाढवलेलाच भाव धरला. म्हणजे जे वहीत आहे तेच त्यांच्याकडे जाते आहे, तोंडी नाही. मला वाटले, मामा शाबासकी देतील.

मामांनी पडदा स्वतःकडे वळवला. मग म्हणाले, “वही किती जण उघडत्यात?”

मी म्हणालो, लिहिण्यासाठी तिघेच. मी, तेजश्री आणि आप्पा.

“तू न्हाई सांगितलंस?”

मी कुराणाची शपथ घेतली. ते म्हणाले, शपथ कशाला घेतो. आणि उठून गेले. नंतर कळले की त्यांनी बाहेरच्या बूथवरून दौंडला फोन केला आणि आप्पांना सांगितले, माझ्याशिवाय एकही सौदा करू नका.

शुक्रवार, ३० जानेवारी

वहीत आज फक्त धारेचे आकडे आले. तेजश्री एरवी शेऱ्यात काहीतरी लिहिते, “नंबर तीन लाथ मारते, आप्पांना आवडते” असे. आज एकच ओळ होती: “आप्पा काल रात्री जेवले नाहीत.”

मी लिहिले, सुंठ आणि गूळ द्यावा, थंडीचे पोट बिघडते.



शनिवार, ३१ जानेवारी

मामांनी मला दार लावायला सांगितले आणि एक पत्र लिहायला बसवले. आप्पांच्या नावाने. या ट्रकपासून भागी संपली, हिशेब करून घ्यावा. कारण लिहायचे नाही म्हणाले. मी म्हणालो, निदान एकदा भेटून बोलावे. मामा म्हणाले, “अठरा वर्षं बोललोच की. आता काय इचारू त्याला? तू माझा भाव इकला का, असं? ते इचारायच्या आधी माझी जीभ झडंल.”

पत्र रजिस्टरने टाकायचे आहे. पहिली प्रत लिहिली तर “भागीदारी”पाशी शाई सांडली. दुसऱ्या प्रतीत समास सरळ आला नाही. पोस्ट दुपारी बंद झाले. सोमवारी टाकीन असे मामांना सांगितले. ते म्हणाले, बरं.

आप्पा असे करतील का? आप्पांच्या हातचे मी जेवलो आहे. पण त्यांची मुलगी वहीत आहे. तेजश्रीनेच वही आणली. हे मी लिहितो आहे आणि लिहितानाच मला ते आवडत नाही. खोडत नाही, कारण डायरीत खोडायचे नाही असे ठरवले आहे.

सोमवार, २ फेब्रुवारी

सकाळी साडेदहा. पत्र खिशात होते, तिसरी प्रत, अक्षर अगदी स्वच्छ. बाहेर पडणार तर दारात साखरबाई. दोन म्हशींचे राहिलेले पैसे द्यायला स्वतः आल्या होत्या. मामा बाजारात गेले होते. मी पाणी दिले. त्या बसल्या आणि म्हणाल्या, “त्यो वही लिवणारा तूच का? लई सरळ पोरगा हायेस बाबा. एवढ्या वर्षात पैला येपारी बघितला, शेवटचा भाव आधी लिवून देतोय. घासाघीस न्हाई, कायी न्हाई. आमच्या आळीतल्या बायांनी तुझ्या नावानं हात जोडलं.”

मी विचारले, कुठे लिहून दिला?

त्यांनी पिशवीतून चौपदरी कागद काढला. माझ्याच वहीचे पान होते, पण अक्षरे मोठी, एकेक बोटभर, आणि सगळी काळी. नंबर, वेत, सकाळ, संध्याकाळ, आणि शेवटी, “शेवटचा भाव”, चौदा ओळी.

साखरबाईंना डोळ्यांनी कमी दिसते. त्यांनी दुकानदाराला सांगितले, अक्षर मोठं करून दे. त्याने सगळा मजकूर उचलून दुसऱ्या कोऱ्या पानावर टाकला आणि मोठा करून छापला. तिकडे टाकताना माझा पांढरा रंग गळून पडला. रोज सकाळी नवी धार बघायची म्हणून तो रोज नवा कागद छापून देत होता, दोन रुपयाला. साखरबाई तो आळीत कोणाकडून तरी सगळ्यांसमोर वाचून घेत होत्या.

आणि कोणी मामांना काही बोलले नाही, कारण रुमालाखाली बोलत नाहीत.

मी तीन पासवर्ड बदलले. खुर्ची भिंतीला लावली. आणि तो रकाना मीच त्यांना पाठवला होता. तेजश्रीने विचारले होते, रुंद का. मी तिच्याबद्दल शनिवारी काय लिहिले ते वर आहे.

साखरबाई गेल्यावर अर्धा तास बसून होतो. एक विचार आला तोही लिहितो: रकाना आत्ता पुसून टाकला तर कोणाला कधीच कळणार नाही. पत्र पोस्टात पडेल. साखरबाई परत वर्षभर येणार नाहीत. हा विचार मी किती वेळ केला ते घड्याळ पाहून सांगू शकत नाही.

मामा एक वाजता आले. मी पत्र टेबलावर ठेवले, त्याच्यावर साखरबाईंचा कागद ठेवला आणि सगळे सांगितले.

मामा म्हणाले, “पांढरं म्हंजी?”

मी दाखवले. रकाना कोरा. माउस ओढला, निळा, आकडे. सोडला, कोरा. त्यांनी मला पुन्हा करायला लावले. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, “एवढंच?”

“एवढंच, मामा.”

त्यांनी पत्राचे चार तुकडे केले. म्हणाले, उद्या पैल्या गाडीनं दौंडला जाऊ. तू बोलायचं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी. दौंड.

एस.टी.त मामा एकच वाक्य बोलले, तेही खिडकीबाहेर बघून. “जे बघून इकतं ते उघडं ठिव. जे झाकून इकतं ते लिवूच नको. आन् झाकायचं म्हंजी रंग लावायचा न्हाई.”

आप्पा गोठ्यात म्हशीला पाणी पाजत होते. मामांना पाहून बादली खाली ठेवली नाही. मी पाठ केलेले बोललो. पांढरी अक्षरे, दुकानदार, साखरबाई. पत्राचेही सांगितले, कारण मीच लिहिले होते. मामांनी मला डोळ्यांनी थांबवायचा प्रयत्न केला, पण मी थांबलो नाही.

तेजश्री दारात उभी होती. ती म्हणाली, “मी विचारलं होतं ना, भाऊ.” मग म्हणाली, “पण तेव्हा मलाही वाटलं, ओढून कोण बघतंय. माझ्याही डोक्यात आलं नाही की ते असं छापतील.” एवढे बोलायची तिला गरज नव्हती.

आप्पांनी बादली ठेवली. मामांना म्हणाले, “गनीभाई, चार दिस तुम्ही मला चोर समजून जेवलात.”

मामा म्हणाले, “जेवलो न्हाई.”

नंबर तीनने बादलीला लाथ मारली. आप्पा पुढे आले, त्यांनी मामांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि आत हात घातला. मी इतक्या जवळ होतो की रुमालाची हालचाल दिसत होती. एकदा मामांचे बोट सरकले, मग आप्पांनी धरले. मामांनी मान हलवली, नाही म्हणून. आप्पांनी सोडले नाही. शेवटी मामांचा खांदा खाली आला आणि आप्पा हसले.

परत येताना मी विचारले, काय ठरले. मामा म्हणाले, “रुमालाखालचं इचारतात व्हय?”

शनिवार, ७ फेब्रुवारी

चौदाही म्हशी गेल्या, शेवटची परवा गुरुवारी. राहिलेल्यांना मामा वर मागू शकले असते, पण म्हणाले, आपण लिहून दिलंय, आता फिरायचं न्हाई. नंबर बाराला मी प्रयोगासाठी घातलेले हजार रुपये मात्र त्यांनी परत करायला लावले.

वही चालू राहणार. मला वाटले होते बंद होईल. आता दोन वह्या. एक धारेची, सगळ्यांना उघडी, अक्षर मोठे. दुसरी विसाराची, फक्त मी आणि तेजश्री, दोघांना वेगवेगळा पासवर्ड, आणि तो आईचा, ट्रकचा किंवा म्हशीचा नाही. शेवटचा भाव कोणत्याच वहीत नाही. ट्रक आला की मामा आणि आप्पा दौंडला समोरासमोर बसून ठरवणार. दुसऱ्या ट्रकपासून मला बोटे मोजायला शिकवणार आहेत. काल रात्री झोप लागली.

या ट्रकचा माझ्या बाजूचा हिशेब:

खर्च. इंटरनेट, महिन्याचे: ५०० रुपये. फोन, पासवर्ड कळवण्याचे तीन: २१ रुपये. एस.टी., दौंड, दोघांचे जाऊन-येऊन: १४० रुपये. पत्राचे कागद, तीन प्रती: ३ रुपये. रजिस्टरचे तिकीट, वापरले नाही: २२ रुपये.

वाचले. मागचा ट्रक विकायला सव्वीस दिवस लागले, हा सतरा दिवसांत गेला. नऊ दिवसांची वैरण आणि पेंड, सरासरी आठ म्हशी, दिवसाला एकशेवीस: ८,६४० रुपये.

बुडाले. म्हशीमागे सरासरी दोन हजार, चौदा म्हशी: २८,००० रुपये.

देणे. फरकाचे १९,३६० रुपये माझ्याकडून मामांना. मामा घेत नाहीत, तरी लिहून ठेवतो. तेजश्रीला एक माफी, ३१ जानेवारीच्या पानाबद्दल. ते पान तिने वाचलेले नाही, म्हणून कशी मागायची ते कळत नाही.

गनीमामांकडून पोपटराव आप्पांना: रुमालाखाली ठरले आहे. आकडा मला माहीत नाही. जागा कोरी सोडली आहे. ओढून पाहिले तरी तिथे काही नाही.